पोटावर बांधलेला डबा

नाना,

मी तुमचा थोरला मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पंचावन्न, देवासच्या औद्योगिक वसाहतीत एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात अंतर्गत लेखापरीक्षक. हे पत्र लिहिण्याचा हेतू मर्यादित आहे. येत्या रविवारी धारला नव्या तरणतलावाचे उद्घाटन आहे. त्या तलावाला आपल्या धाकटीचे नाव द्यायचे ठरले आहे, आणि घरातला वडील माणूस म्हणून मला त्या समारंभात बोलायचे आहे. देशात पहिल्या आलेल्या मुलीला तिच्या वडिलांनी पोहायला कसे शिकवले, हे लोकांना माझ्या तोंडून ऐकायचे आहे. माझ्याजवळ त्या गोष्टीच्या दोन हकिकती आहेत. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि व्यासपीठावरून मला एकच सांगता येईल. निवाडा करू शकेल असा माणूस तुम्ही एकटेच होतात. तुम्ही गेलात तेव्हा माझे लग्नही झाले नव्हते. आज माझे केस तुमच्या तेव्हाच्या केसांपेक्षा अधिक पांढरे आहेत. तरीही विचारायचे तर तुम्हालाच, म्हणून लिहितो.

आधी जे मी स्वतः पाहिले तेवढेच मांडतो. मे महिन्यातली सकाळ. शाळांचे गणवेश शिवायची घाई सुरू व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून तुम्ही आम्हा दोघांना घेऊन धारच्या वेशीबाहेरच्या बावडीवर, त्या पायऱ्यांच्या विहिरीवर, आला आहात. मी नऊ वर्षांचा आहे, ती पाच. तुमच्या हातात तो डबा आहे: तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, दोन बाजूंना कड्या, कड्यांतून ओवलेली नवारीची पट्टी. आपल्या गल्लीतली सगळी मुले असल्याच डब्यांनी पोहायला शिकली. डबा पाठीवर बांधतात. तो पाण्यावर राहू पाहतो, मूल त्याच्याखाली पालथे राहून हातपाय मारते, आणि काही दिवसांनी डब्याची गरज उरत नाही. माझी त्या सकाळी उरली नव्हती. तुम्ही तो माझ्या पाठीवरून उतरवलात, तिला बांधायला घेतलात आणि मला म्हणालात, "जा, समोरच्या पायरीला हात लावून ये." मी गेलो. तोंड पाण्यात, डोळे घट्ट मिटलेले. श्वासासाठी मान वर काढायची तीही भीत भीत. पायरीला हात लागला, मी वळलो, आणि पाहिले तर धाकटी पाण्यावर उताणी पडली होती. डबा तिच्या पोटावर होता.

पायऱ्यांवर कळशी घासत बसलेला एक म्हातारा ओरडला, "ओ मास्टर भिया, छोरी के उल्टी बांध दी. वा तो आकास देखी री है." त्याच्या शेजारचा म्हणाला, "देखवा दो. अपणे तो कदी देख्यो नी." सगळे हसले. मी समोरून ओरडलो, "नाना, उलटं झालंय. सोडा आणि परत बांधा." तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरला होतात, तिच्या मानेखाली धरायला दोन्ही हात पुढे केले होते. तिला भीती वाटत नव्हती. ती हातांनी पाणी मागे सारत होती आणि आपण सरकतो आहोत याचे तिला फार हसू येत होते. तुम्ही हात मागे घेतलेत आणि म्हणालात, "राहू दे." एवढे मी पाहिले आणि ऐकले. गाठ मारताना काय घडले ते मी पाहिलेले नाही.

"राहू दे" हे तुमचे बोलणे नव्हते, म्हणून तर ते माझ्या मनात रुतून बसले. तुमचा शब्द होता "उसव". आपले पूर्वज धारच्या पवारांच्या फौजेबरोबर तंबू आणि अंगरखे शिवत या मुलखात आले, असे आजोबा सांगत. तुमच्यापर्यंत येता येता शाळेचे गणवेश आणि लग्नाचे कोट उरले होते, पण हाताची शिस्त फौजेचीच होती. शाळा सुटली की मी दुकानात येऊन काज करायला बसत असे. तुम्ही मशीन थांबवत नसा, मान वळवत नसा. मी केलेले काज हातात घेत, अंगठ्याने चाचपत आणि म्हणत असा, "उसव." एकदा मी विचारले की यात चुकले काय. तुम्ही म्हणालात, "तुला दिसत नाही, हेच चुकलं. उसव." गिऱ्हाईक समोर बसलेले होते, ते म्हणाले, "अहो मास्टर, पोरगा आहे." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." मी उसवले. दुसऱ्यांदा केलेले तुम्ही बाजूला ठेवलेत, काही बोलला नाहीत, आणि न बोलणे म्हणजे चालले असे मी शिकलो. आजही कारखान्यात माझ्या हाताखालची मुले माझ्या मौनाला पसंती समजतात. हा स्वभाव तुमच्याकडून आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की घरात दोन मुले होती, एकाची प्रत्येक चूक उसवली गेली, आणि दुसरीची एकच मोठी चूक तुम्ही जशीच्या तशी राहू दिलीत. तिने त्या चुकीवर आयुष्य उभे केले. माझ्याकडे उभे करायला चूकच शिल्लक राहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बावडी तिला अपुरी पडू लागली, तेव्हा तुम्ही तिला तलावावर नेऊ लागलात. उताणे पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. दोन घाटांमधल्या अंतरात ती एकदा पूर्ण वेगाने आली आणि तिचे डोके दगडी पायरीवर आपटले. आईने स्वयंपाकघरात तिच्या जखमेत हळद भरली आणि तुम्हाला म्हणाली, "पुरे झालं आता. मुलीची जात आहे, कपाळाला खूण राहिली तर?" दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातल्या कातरणी गोळा केल्यात, खाकी, निळ्या, पांढऱ्या, आणि दोरीला एकेक गाठ मारून तिचे तोरण केलेत. पायरीच्या थोडे अलीकडे, दोन खांबांमध्ये, पाण्याच्या वर ते बांधलेत. तोरण डोक्यावरून गेले की मारलेले हात मोजायचे आणि भिंत धरायची. मोठ्या तरणतलावांत अगदी असेच झेंडे असतात हे आपल्याला फार उशिरा कळले. तुम्हाला ते कोणी सांगितले नव्हते. त्या कातरणींत माझ्या शाळेच्या शर्टाचेही कापड होते, हे मात्र मला पहिल्याच दिवशी दिसले.

ती पोहत असताना तुम्ही काठाने तिच्याबरोबर चालत असा. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात पुढे, आणि तोंडाने हलकेच "ये, ये, ये". ती पाण्यातून सबंध वेळ तुमच्याकडे पाहत असे. मीही त्याच पाण्यात होतो, नाना. मीही रोज येत होतो आणि पुष्कळ बरे पोहत होतो. पण पालथे पोहणाऱ्याला तलावाचा हिरवा अंधार दिसतो; श्वासापुरते तोंड वळवले की काठावरची नुसती एक हालचाल दिसते. ती वडिलांकडे पाहत पोहायला शिकली आणि मी तळाकडे पाहत. एका दुपारी, तुम्ही दोघे नसताना, मी उताणे पोहून पाहिले. कानांत पाणी गेले, आवाज बंद झाले, वर नुसते ऊन. आपण कुठे जातो आहोत हे दिसत नाही, तरी जायचे, हे मला जमले नाही. मी उलटलो आणि काठाला लागलो. पुन्हा कधी केले नाही.

दहावीच्या वर्षी शाळेतून इंदूरच्या स्पर्धेला मुले पाठवायची होती. मास्तरांनी माझेही नाव घेतले होते. तुम्ही मला दुकानात बसवून म्हणालात, "तुझं डोकं हिशेबाचं आहे. कॉमर्सला जा. पोहून पोट भरत नाही." मी म्हटले, "मग ती?" तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. म्हणालात, "तिचं वेगळं आहे." काय वेगळे आहे हे तुम्ही सांगितले नाहीत, आणि मी तेव्हा चौकशी करायला शिकलो नव्हतो. मी कॉमर्सला गेलो. आता माझे सगळे आयुष्य चौकशी करण्यात जाते.

बी. कॉम.चा निकाल लागला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मी पहिल्या वर्गात आलो होतो. बाजारातून पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आलो, तर तुम्ही शटर ओढत होतात. भोपाळहून निरोप आला होता की धाकटी राज्यात पहिली आली आणि संध्याकाळच्या बसने पोचते आहे. "पास झालास ना? बरं झालं," म्हणालात, आणि पुडा माझ्या हातातून घेऊन स्टँडवर गेलात. तिथे कंडक्टरपासून हमालांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटलेत. मी पाठोपाठ चालत होतो. एका ओळखीच्या माणसाने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "ले भिया, मुँह मीठा कर. तेरी बहन ने नाम निकाल दिया." मी माझा पेढा खाल्ला. गोड होता.

त्याच वर्षी तुम्ही तिला पोहण्याचा पोशाख शिवलात. धारला तसला मिळत नव्हता आणि इंदूरचा तिला खांद्यात काचत होता. ते ताणले जाणारे कापड तुमच्या मशीनला मानवत नव्हते. टीप सुटायची, कापड गोळा व्हायचे. तुम्ही शिवलेत, तिला घालायला लावलेत, हात मागे फिरवून दाखव म्हणालात, आणि स्वतःचेच काम पुन्हा उसवलेत. असे कितीदा तरी. तिच्यासाठी तुम्ही स्वतःला उसवत होतात, हे मी मशीनपलीकडे बसून पाहत होतो. मला नोकरीच्या मुलाखतीसाठी पँट शिवलीत ती याच्या पुढच्या महिन्यात. ती एका सकाळी घडी करून माझ्या खाटेवर ठेवलेली होती. मला बोलावणे नाही, टेप नाही, घालून दाखव नाही. तुम्ही माझे माप घेण्याइतकाही वेळ दिला नाहीत, हे मी मनात नोंदवून ठेवले. पँट नीट बसली. मी ती घालून देवासला आलो, नोकरी लागली आणि इथेच राहिलो.

तिची कारकीर्द तुम्हाला मी सांगायला नको. जिवंतपणी तुम्ही दुसरे काही बोलत नव्हतात. राज्य, मग राष्ट्रीय, मग रेल्वेतली नोकरी, परदेशातले शिबिर, तिथून तिने आणलेला तो टॉवेल जो आईने कधी कोणाला वापरू दिला नाही. तुम्ही स्वतः मात्र तिची एकही मोठी स्पर्धा पाहिली नाहीत. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणत होतात. म्हणून दिल्लीला मला पाठवलेत. प्रेक्षकांच्या सज्जात बसून मी पाहिले. आठ मुली भिंतीला पाय लावून, दांडी धरून लोंबकळल्या, शिटी झाली, आणि आठही जणी मागच्या मागे पाण्यात गेल्या. धाकटी शेवटच्या तोरणाखालून आली तेव्हा शेजारच्या पट्ट्यातली केरळची मुलगी तिच्या बरोबरीने होती. सगळा सज्जा उभा राहिला. मीही उभा राहिलो, आणि त्या थोड्या हातांच्या अवधीत मी त्या केरळच्या मुलीच्या बाजूचा होतो. मग धाकटीचा हात भिंतीला लागला. ती वळली, सज्जाकडे पाहून मला शोधू लागली, आणि मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तुम्हाला शर्यतीचे वर्णन केले, ते अचूक होते. तुम्ही तीनदा सांगायला लावलेत. मुलगा म्हणून तुमच्याजवळ इतका वेळ मी त्यापूर्वी बसलो नव्हतो.

तुम्ही गेलात तेव्हा ती परदेशातल्या दुसऱ्या शिबिरात होती. मी देवासहून पोचलो तोवर तुम्हाला दुकानातून घरी आणले होते. मीच सगळे केले. खांदा दिला, अग्नी दिला, तेरा दिवस जमिनीवर झोपलो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस दारातून आत येताना म्हणत होता, "चॅम्पियनचे वडील गेले." ती दहाव्या दिवशी आली आणि रडली, तर तिच्याभोवती बायकांचा गराडा पडला. मला एका काकांनी सांगितले, "तिला सांभाळ हो. तिला स्पर्धा आहे." मी सांभाळले.

आता ती इंदूरला असते आणि मुलांना शिकवते. उजवा खांदा कामातून गेला आहे. हात कानाच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले आहेत. गेल्या रविवारी ती देवासला आली होती. माझ्या पत्नीने दाल-बाफले केले होते. जेवणानंतर आम्ही दोघे भावंडे टेकडीकडे तोंड करून ओसरीत बसलो होतो, आणि तिने भाषणाचा विषय काढला.

"दादा, लिहून नको वाचू. लोक बोर होतात. नानांनी डबा पोटावर बांधला ती गोष्ट सांग, अन् बस. त्यांना तेच पायजे असतं."

ती गोष्ट तिने तीस वर्षे सांगितली आहे. वर्तमानपत्रांना, शाळांना, मंत्र्यांच्या सत्कारांत. ती म्हणते, सगळे बाप मुलांच्या पाठीवर डबा बांधतात. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी मला ओळखले आणि डबा मुद्दाम पोटावर बांधला. लोक टाळ्या वाजवतात. मी प्रत्येक वेळी खाली पाहतो. या वेळी मी म्हणालो, "मला ते सांगता येणार नाही. ती चूक होती. मी समोर होतो. म्हातारा हसला होता. नाना स्वतः पाण्यात उतरून सोडवायला निघाले होते. शिंप्याच्या हातून पुढचं-मागचं चुकलं, एवढंच खरं आहे. खरं सांगायला हरकत काय?"

ती म्हणाली, "चूक होती, माहीत आहे मला. का झाली ते तुला माहीत नाही."

"का झाली?"

"तू होतास ना पाण्यात. पहिल्यांदा बिना डब्याचा. मी पाण्याला घाबरून नानांकडे तोंड करून उभी राहिली, आणि ते गाठ मारून राहिले होते, पण मान तुझ्याकडे. सारखी तुझ्याकडे. मी बोलली, नाना, टोचतंय. ऐकलंच नाही. समोर जे अंग आलं त्याला बांधून टाकलं." तिने डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. "त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं, दादा. मला पाण्यात सोडलं तेव्हापण तुझ्याकडेच बघत होते. तुझा हात पायरीला लागला, मगच त्यांची मान वळली."

मला जे सुचले ते मी बोललो. म्हणालो, "हे शक्य नाही. माझी पँट शिवताना सुद्धा त्यांनी माझं माप घेतलं नव्हतं."

ती हसली. "यार दादा, तू भी ना. माप घेतल्याशिवाय पँट बसली, आणि तू इतकी वर्षं रुसून बसलास? कोणाचं माप न घेता शिवतं का कोणी, रोज बघितल्याशिवाय?"

मी विचारले, "मग तू जगभर उलटं का सांगत आलीस?"

"काय सांगू? बापाचं लक्ष नव्हतं म्हणून मी चॅम्पियन झाली? पहिला पत्रकार आला तेव्हा मी सतरा वर्षांची होती. त्यानं विचारलं, वडिलांनी तुझ्यात काय बघितलं? मला बोलायला काहीतरी पायजे होतं. मग बोलत गेली, आणि छान वाटत गेलं." पुढे म्हणाली, "तुझ्याकडे खरं आहे ना आता, ते तू ठेव. मला माझं असू दे. रविवारी तू बोललास तर मग ते पक्कं होईल. तू घरचा आहेस."

पत्नी चहा घेऊन आली आणि बोलणे तिथेच थांबले. धाकटीला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा तिने बसच्या खिडकीतून डावा हात हलवला. मी परत आलो आणि तेव्हापासून साक्ष तपासतो आहे.

तिच्याविरुद्ध पुष्कळ काही म्हणता येईल. पाच वर्षांच्या मुलीची आठवण हा काही पुरावा नव्हे. शिवाय ती जिंकलेली आहे, आणि जिंकलेल्या माणसांना हरलेल्यांची समजूत घालायची सवय असते. शर्यत संपली की ती शेजारच्या पट्ट्यातल्या मुलीच्या पाठीवर थाप मारत असे, हे मी पाहिले आहे. मला बोलायला लावायचे म्हणून तिने मला काहीतरी दिले असेल. तसे असेल तर तिच्या औदार्याचाही मला हेवा वाटतो. एवढी मोठी वस्तू सहज देऊन टाकता यावी इतके माझ्याजवळ कधीच नव्हते. पण मी प्रामाणिकपणे तपासतो आहे, तर तिच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. नवार टोचत होती, हे तिने रचले नसते. ती नवार मलाही टोचत असे, आणि मी "नाना" म्हटले की तुम्ही लगेच सैल करत होतात. त्या सकाळी तुम्ही ऐकले नाहीत. तुम्ही ऐकले नाहीत असे दुसऱ्या कोणत्याही सकाळी घडल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा असे होते की माझ्या हातात एक गोष्ट आहे, तुमची त्या सकाळची नजर; धाकटी ती लहानपणापासून मागत आली, आणि तिनेच ती मला देऊन टाकली. रविवारी मी उभा राहून म्हणू शकतो: आमचे वडील कधी चुकले नाहीत, एकदाच चुकले, कारण त्यांची नजर माझ्यावर होती. माझ्याइतकी अचूक साक्ष दुसऱ्या कोणाची मानली जाणार नाही. तिच्या नावाच्या तलावाच्या काठावर मी तिच्याकडून तुम्हाला काढून घेऊ शकतो. आयुष्यभर मला याहून अधिक काही हवे होते असे मला वाटत नाही.

मी ते करणार नाही. तिचीच हकिकत सांगणार आहे, डबा मुद्दाम पोटावर बांधला ती. माझ्या आवाजात आणि घरचा माणूस म्हणून. याला कोणी मोठेपणा म्हणेल. तुम्ही म्हणू नका. मी खरे सांगितले, तर टाळ्या संपल्यावर कोणीतरी विचारील की मग त्या मुलाचे काय झाले. ज्याच्यावरून बापाची नजर हटत नव्हती, तो पुढे कोण झाला. आजवर माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असे: नानांनी माझ्याकडे पाहिले असते तर. या एका वाक्याच्या आधाराने मी नोकरी केली, संसार केला, धाकटीच्या प्रत्येक सत्काराला पहिल्या रांगेत बसलो. तुम्ही पाहत होतात असे ठरले, तर ते वाक्य जाते. आणि पूर्ण लक्ष दिलेला, अगदी मापात शिवलेला, कुठेही न चुकलेला एक अंतर्गत लेखापरीक्षक उरतो. तिच्यापाशी पदके आहेत. माझ्यापाशी तुमच्याविरुद्धची ही तक्रार आहे, आणि मला ती सोडवत नाही.

या पत्राचा हेतू तुम्हाला विचारणे हा आहे असे मी आरंभी लिहिले, ते काटेकोर नव्हते. हे पाठवायची सोय असती तरी मी ते पाठवले नसते, नाना. तुम्ही उत्तर दिले असते.

तुमचा
थोरला

देवास
वैशाख वद्य पंचमी